ऑइल पिणारे इंजिन

वापरलेली मोटार घेताना गिऱ्हाइकाची नजर रंगावर, टायरांवर आणि किलोमीटरच्या आकड्यावर खिळते. इंजिन ऑइल किती पिते हा प्रश्न मात्र बहुधा व्यवहार आटोपल्यावर, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, कोरडी निघू लागली की सुचतो. थोडे ऑइल प्रत्येक इंजिनात जळतेच, आणि काही उत्पादक १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खपही चालण्याजोगा मानतात. अर्थात ही मर्यादा ग्राहकापेक्षा उत्पादकाच्याच सोयीची आहे.

पिस्टनवरील कड्यांपैकी सर्वांत खालचे कडे, ज्याला ऑइल-रिंग म्हणतात, सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली लोटते. ते झिजले किंवा त्याची भोके काजळीने बुजली, की उरलेले ऑइल इंधनाबरोबर जळून सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच असा धूर येऊन लगेच थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सीलवर जातो, ज्याची दुरुस्ती तुलनेने स्वस्त असते. चढावर तो येतच राहिला तर मात्र इंजिन उघडावे लागण्याची शक्यता वाढते. गाडी दाखवण्याआधीच इंजिन तापवून ठेवणारा विक्रेता म्हणूनच शंकास्पद ठरावा.

अनुभवी मेकॅनिक चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढून तिथून धुराचे भपकारे येतात का ते पाहतो आणि त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो. ते कड्यांतून निसटलेल्या वायूचे लक्षण असले, तरी वायू बाहेर सोडणारी नळी तुंबल्यानेही तसेच घडू शकते.