मामूंच्या तंबोऱ्याची किंमत

मामूंचा चाळिसावा झाला आणि वाटणीची बैठक बसली. मामी आधीच गेलेल्या. दोन मुलगे, एक मुलगी. म्हणजे पाच हिस्से. मुलांना दोन-दोन, आपाला एक. घराचा हिशेब लगेच जमला. अडलं ते माळ्यावरच्या तंबोऱ्यापाशी. चादरीत गुंडाळलेला तो तंबोरा आपाला हवा होता.

मोठे भाईजान म्हणाले, "वाद्याची कसली वाटणी? हराम आहे ते." धाकटा मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "अँटिक आहे. लाखाच्या खाली जायचं नाही."

आपा म्हणाली, "हराम असेल तर त्याचे पैसे कशाला हवेत? आणि लाखाचा होता, तर अब्बांच्या हयातीत कुणी त्याच्यावरची धूळ का नाही पुसली?"

किंमत काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

जुना बाजारातल्या एका भंगारवाल्यानं लाकूड ठोकून पाहिलं आणि दोन हजार सांगितले. मामू हा तंबोरा मिरजेचा असल्याचं सांगायचे, म्हणून एका गायकाच्या ओळखीनं तिथल्या कारागिराला फोन लावला. त्यांनी वय विचारलंच नाही. भोपळ्याला तडा आहे का? तबली खाली बसलीय का? खुंट्या घट्ट आहेत का? दांडी डोळ्यासमोर धरून पाहा, वाकलीय का?

मी म्हटलं, "जुना आहे, मग भाव जास्त ना?"

ते हसले. "लाकूड मुरलं की आवाज सुधारतो, हे खरं. पण दांडी वाकली असेल, तर वय काय कामाचं?"

दांडी सरळ निघाली. भोपळ्याला एक तडा होता, दोन खुंट्या गायब होत्या, घोडीची जवारी पुन्हा काढावी लागणार होती. फोटो बघून, दुरुस्तीचा खर्च वजा करून त्यांनी आहे त्या स्थितीत पंधरा हजार सांगितले.

ही वाद्यं घडवणारे मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. तलवारींची मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर भागातला भोपळा आणि तूणचं लाकूड यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कारागिरांचे हात फिरले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ त्याच गावात, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. हे सगळं मी भाईजानना सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

पंधरा हजारांचे पाच हिस्से, तीन-तीन हजारांचे. आपाचा एक तिच्याकडेच राहिला. दोघा भावांना तिनं सहा-सहा हजार मोजून दिले. धाकट्यानं थोडी कुरकुर केली. भाईजाननी नोटा दोनदा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. हरामचा विषय पुन्हा निघाला नाही.

तंबोरा सध्या मिरजेत आहे, दुरुस्तीला.