वडिलांच्या वहाणा

वडील गेल्यावर त्यांच्या कोल्हापुरी वहाणा मी आठवण म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्या. पावसाळ्यानंतर पाहतो, तर पांढरी बुरशी! घाईघाईने कडक उन्हात ठेवल्या, तर एक पट्टा तडकला. राजवाड्याजवळ बसणाऱ्या मोचीकाकांनी तो शिवून दिला आणि समजावले, की चामडे कोरड्या फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे, मग तेलाचा हलका हात फिरवावा. ठेवायचेच तर कापडी पिशवीत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे कातडे पायात राहूनच मऊ होते. आता दिवाळी ते उन्हाळा त्या मी रोज घालतो. जपणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे, हे मला उशिराच कळले.