अहेरीपासून पुढे, सायकलीने

अहेरी सायकलींसाठी कधी गाजलं नाही. गाव ओळखलं जातं ते आत्राम घराण्याच्या राजवाड्यामुळे, तिथल्या दसऱ्यामुळे आणि एरवी वर्तमानपत्रात गडचिरोलीचं नाव ज्या कारणांनी येतं त्यामुळे. तरीही शाळेच्या वेळेला नागेपल्लीच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर वेगळंच अहेरी दिसतं. दोन वेण्या, निळी-पांढरी ओढणी, कॅरिअरला अडकवलेलं दप्तर आणि तीन-तीनच्या रांगेत रस्ता अडवून गप्पा मारत चाललेल्या मुली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ज्यांचं गाव पाच किलोमीटरपेक्षा लांब, त्यांच्यासाठी निळी एसटी. मुलींच्या मागून कुणी धानाचं पोतं लादून येतं, कुणी दांडीवर पोरगं बसवून. शहरातला माणूस महागडी गिअरची सायकल घेऊन इथे फिरायला येतो, तेव्हा रस्त्यावर त्याच्याकडे वळून पाहिलं जातं ते त्याच्या हेल्मेटमुळे. सायकलीचं इथे कुणाला काय कौतुक!

अहेरी ते आलापल्ली हे अंतर आठेक किलोमीटर. आलापल्लीच्या चौकात रस्ते फुटतात: एक मागे आष्टी-चंद्रपूरकडे, एक एटापल्लीकडे, एक दक्षिणेला सिरोंच्याकडे आणि एक भामरागडकडे. रमतगमत जंगल पाहायचं असेल तर भामरागडचा रस्ता धरावा. गाव संपलं की साग सुरू होतो, आणि मग तासन्‌तास सागच.

साग पाहायचा म्हणजे काय पाहायचं, असं वाटू शकतं. मोटारीतून खरंच काही दिसत नाही. एकासारखे एक खांब मागे पळत राहतात. सायकलीवरून हळूहळू फरक कळायला लागतो. सागाची साल मऊसर, राखी, उभ्या बारीक चिरांची. मध्येच येन उभा असतो, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची. या येनाच्या झाडात गोंड माणूस बडादेव पाहतो, त्यामुळे त्याच्या बुंध्याशी दगड मांडलेले दिसले तर तिथे सायकल टेकवू नये. पुढे बिजा, धावडा, तेंदू, ओढ्याकाठी अर्जुन आणि बांबूची बेटं. सागाचं कोवळं पान हातात घेऊन बोटांनी चुरडलं तर बोटं लालभडक होतात. हा रंग साबणाने लगेच जात नाही. जंगलातल्या गावांतल्या पोरांचा हा जुना खेळ, आणि पाहुण्याची फजिती करायला सोपाही.

आलापल्लीपासून पंधराएक किलोमीटरवर वनखात्याने राखलेला एक तुकडा आहे. कक्ष क्रमांक ७६. सगळे त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात. क्षेत्र जेमतेम सहा हेक्टर, म्हणजे मोठ्या शेतकऱ्याच्या वावराएवढं. १९५३ पासून इथे कुऱ्हाड लागलेली नाही, आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते पहिलं. बाहेरचा साग पाहत आलेल्या माणसाला आत शिरल्यावर पहिल्यांदा कळतं की सागाला सोडून दिलं तर तो केवढा होतो. वर शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर जातं, खाली कुजलेलं खोड आडवं पडलेलं असतं आणि ते तसंच पडू दिलेलं असतं. उरलेल्या जंगलाचा इतिहास मात्र तोडीचाच आहे. इंग्रजांच्या काळापासून आलापल्लीचं नाव लाकडाच्या व्यापारात मोठं. ओंडके ओढायला खात्याचे हत्ती होते. त्यांचाच कमलापूरचा कॅम्प आज लोक पाहायला जातात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, तेही याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. एवढ्या मोठ्या वनप्रदेशात न तोडलेला नमुना म्हणून सहा हेक्टर हा हिशेब काही फार अभिमानाचा नाही. पण ते सहा तरी ठेवले, हे मान्य करायला हवं.

पुढे पेरमिली, ताडगाव आणि मग हेमलकसा. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर. पट्टीचा सायकलस्वार हे अंतर दुपारपर्यंत संपवील, पण त्याने या रस्त्यावर येऊच नये. इथे दर दोन-चार किलोमीटरला उतरण्यासारखं काहीतरी असतं. मार्चअखेरीला मोह गळतो. झाड दिसण्याआधी त्याचा वास येतो, गोडसर, किंचित आंबूस. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली असते, आणि त्या काळ्या जमिनीवर पहाटे पडलेली पिवळट फुलं बायका आणि पोरं टोपल्यांत वेचत असतात. ऊन चढलं की काम संपलं. मोह अस्वलालाही तितकाच आवडतो, म्हणून अंधार असताना मोहाखाली थांबायचं नाही, हे गावातलं कुणीही न विचारता सांगतं. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचं एक पुडकं, आणि अशी पुडकी फळीवर उन्हात ओळीने मांडलेली. वर्षाचा नगद पैसा अनेक घरांत या दोन हंगामांतूनच येतो.

या दोन्ही हंगामांत साग मात्र उघडाबोडका असतो. फेब्रुवारीपासून पानं झडतात, आणि ज्या सावलीच्या भरवशावर माणूस येतो ती जमिनीवर वाळून पडलेली असते. सावली हवी तर पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत यावं.

हेमलकशाला बाबा आमटेंनी लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. तेव्हा इथवर पक्का रस्ता नव्हता; दवाखान्यात येणारा माडिया माणूस दिवस-दिवस चालत यायचा. त्याच बाबा आमटेंनी १९८५ च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ काढलं, कन्याकुमारी ते काश्मीर, आणि तरुणांच्या हाती दिली ती सायकल. पुढे १९८८ मध्ये दुसरा टप्पा निघाला, इटानगरहून थेट गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. बाबांचा मणका इतका दुखावलेला होता की त्यांना बसताही येत नसे, ते गाडीत आडवे असायचे; पोरं पुढे पायडल मारायची. देश जोडायला रेल्वे किंवा बसऐवजी सायकल का, याचं उत्तर या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप मिळतं. सायकलवाल्याला प्रत्येक गावात थांबावं लागतं, पाणी मागावं लागतं, आणि पाणी मागितलं की बोलावं लागतं.

बोलण्याचीही इथे मौज आहे. अहेरीच्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात सुखाने नांदतात, जंगलात शिरलं की माडिया, आणि वडसा-आरमोरीकडे गेलं की झाडीबोली.

सिरोंच्याचा रस्ता लांब, शंभरेक किलोमीटरचा: रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी. उजव्या हाताला कुठेतरी प्राणहिता सतत सोबत असते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत मिळते, पलीकडे तेलंगण. या खोऱ्यातलं सगळ्यात जुनं अरण्य उभं नाही, आडवं आहे. सिरोंच्याच्या अलीकडे वडधमला झाडांचे बुंधे दगड होऊन पडलेत. जवळच्या कोटा गावावरून भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या ज्युरासिक खडकांना कोटा स्तरसमूह म्हणतात. याच खडकांत सापडलेल्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरचं नाव बारापासॉरस टागोराय. खोदकामाचं पहिलं वर्ष, १९६१, हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून हा मान. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आलापल्लीच्या सागाला ‘प्राचीन’ म्हणणाऱ्याने वडधमपर्यंत पायडल मारून यावं आणि मग शब्द जपून वापरावा.

जंगलाचा कंटाळा आला (येतो, खोटं का बोला) तर उत्तरेला चामोर्शीकडे वळावं. जमीन एकदम सपाट होते, आकाश मोठं. बांध्यांत धान, बांध्यांच्या धुऱ्यांवर तुरी, मध्ये बोड्या आणि मालगुजारी तलाव. ऑगस्टात रोवण्याच्या बाया गुडघाभर चिखलात एका ओळीत मागे सरकत असतात. वाऱ्याची दिशा चुकली तर या सपाटीवर चढापेक्षा जास्त दम लागतो. मार्कंडा देवस्थान याच पट्ट्यात. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते आणि काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत सायकल न्यायच्या भानगडीत पडू नये. एरवी मंदिराच्या आवारात दुपार काढायला याहून चांगली जागा जिल्ह्यात सापडणं कठीण.

आता अडचणीचं. आलापल्ली ते आष्टी हा रस्ता गेल्या काही वर्षांत सायकलीचा राहिलेला नाही. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज एटापल्ली-आलापल्लीवरून ट्रकांनी खाली जातं. लाल धूळ झाडांच्या पानांवर बसते आणि कडेला साईडपट्टी अशी नावालाच. ज्या मुलींना सरकार शाळेत जायला सायकल देतं, त्याच मुलींच्या कानाजवळून ही वाहनं जातात. पर्यटक दुसरा रस्ता निवडू शकतो, मुलींना तो पर्याय नाही. दुसरीकडे, अहेरीहून गर्देवाडाला पहिली एसटी सुटली ती १ जानेवारी २०२५ रोजी, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. तेव्हा रस्ते नकोत असं इथे कुणीच म्हणणार नाही. मागणी एवढीच असायला हवी की खनिजाची वाहतूक गावांच्या आणि शाळांच्या रस्त्यावरून हटवावी, आणि जिथे रस्ता नव्याने रुंद होतोय तिथे कडेचा हातभर भाग सायकलीसाठी पक्का करून द्यावा.

येणाऱ्यांसाठी थोडं. बल्लारपूरला रेल्वेतून उतरा आणि आष्टीमार्गे आलापल्लीपर्यंत सायकल एसटीच्या टपावर टाका. जून ते सप्टेंबर भामरागडच्या नादी लागू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटतं. वाघ वाढलेत, २०२१ पासून रानटी हत्तीही आहेत, त्यामुळे उजाडल्यावर निघा आणि चारच्या आत मुक्काम गाठा. वाटेत गावकरी ‘पुढे जाऊ नका’ म्हणाले तर कारण न विचारता थांबा. मच्छरदाणी, पंप आणि दोन जादा ट्यूब आलापल्लीतच घ्या. पुढे पंक्चरच्या दुकानाचा भरवसा धरू नका.