खालची पिल्लं, वरची कुत्री

भाद्रपदात वाडीतल्या कुत्र्या माजावर येतात, साधारण ६३ दिवसांनी व्यायतात, आणि संक्रांतीच्या सुमाराला दोन महिन्यांची पिल्लं जिन्याखालून बाहेर डोकावू लागतात. गिरगावातल्या कुठल्याही वाडीत हे दर वर्षी घडतं. आमच्या फणसवाडीत लाली नावाची तांबूस कुत्री चाळीच्या जिन्याखाली व्यायली होती. चार पिल्लं होती. अख्खी चाळ त्यांचं करायची. तळमजल्यावरून दूध, पहिल्या मजल्यावरून पोळीचे तुकडे, आणि आमच्याकडून, दुसऱ्या मजल्यावरून, मऊ भात.

संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली असताना त्यातलं एक सुस्त पडलं. दुपारी पिवळा फेस ओकलं आणि रात्री त्याला रक्ताची हगवण लागली. तिचा वास ज्याने एकदा घेतलाय तो कधी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं पिल्लू तसंच. शेजारच्या आजी म्हणाल्या, जंत झालेत, ओवा द्या. कुणी दही-भात सुचवला, कुणी डाळिंबाची साल. तळमजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा मात्र पिल्लाला टॉवेलात गुंडाळून थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. विष्ठेचा नमुना पट्टीवर घातला आणि दोन रेघा उमटल्या. कोविडपासून दोन रेघांचा अर्थ वाडीत कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. पार्व्हो.

डॉक्टरांनी मला फोनवर विचारलेला पहिला प्रश्न पिल्लांचा नव्हता. ‘‘ताई, तुमच्या घरात कुत्री किती? आणि लशी कुठवर आल्यात?’’

माझ्या घरात दोघं. राणी नऊ वर्षांची, याच वाडीतून घरात आलेली, सगळ्या लशी वेळच्या वेळी झालेल्या. आणि भुऱ्या, जेमतेम साडेतीन महिन्यांचा, ठाकुरद्वारच्या नाक्यावर सापडलेला. त्याच्या दोन लशी झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती. आणि आदल्याच संध्याकाळी तो जिन्यापाशी त्या पिल्लांत लोळून आला होता. तेव्हा चारही पिल्लं धडधाकट दिसत होती. पण या आजारात लक्षणं दिसायच्या आधीच पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो, हे मला त्या फोनवर कळलं.

राणीची काळजी करू नका, डॉक्टर म्हणाले. नीट लशी झालेल्या मोठ्या कुत्र्याला या आजारापासून वर्षानुवर्षं संरक्षण असतं. धोका भुऱ्याला. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जे संरक्षण मिळतं ते काही आठवडे त्याला जपतं, पण तेच संरक्षण टोचलेली लसही निकामी करतं. हळूहळू ते ओसरतं. मधे एक काळ असा येतो की आजार रोखायला ते पुरत नाही, आणि लस वाया घालवण्याइतकं मात्र शिल्लक असतं. ही फट कुठल्या पिल्लात कितव्या आठवड्यात पडेल ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा द्यायची. दोन झाल्या म्हणजे झालं, असं नाही. भुऱ्याची आई कोण हेच ठाऊक नाही, त्यामुळे त्याची फट कुठे होती ते देव जाणे.

‘‘ताप नाही ना? खातोय, खेळतोय? मग तिसरी लस आजच देऊ,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण ही हमी नाही. विषाणू आधीच पोटात गेला असेल तर लस त्याच्या पुढे धावेलच असं नाही. आणि दवाखान्यात आत येऊ नका, खाली थांबा, मी रस्त्यावर येतो.’’ ते आले, गाऊन आणि हातमोजे घालून, आणि ह्यांच्या हातातच भुऱ्याला सुई टोचली. मग सांगितलं की आजार उगवायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, ताटलीत काय उरतं त्यावर लक्ष ठेवायचं.

आता चाळीत कुत्र्याला वेगळं ठेवायचं म्हणजे काय, हे बंगल्यात राहणाऱ्याला कळणार नाही. आमची खोली ही काही चार भिंतींत संपत नाही. सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाचे संडास, लाकडी जिना, दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग, हे सगळं मिळून घर होतं. दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण, सगळे जिन्याखालून चढतात आणि प्रत्येक दाराशी थांबतात. पार्व्होचा विषाणू हवेतून येत नाही. तो विष्ठेतून येतो, आणि नखाएवढ्या वाळक्या कणातूनही चपलेच्या तळव्याला चिकटून दुसऱ्या मजल्यावर पोचतो. कधीच खाली न उतरलेल्या पिल्लालाही तो अशा रीतीने गाठतो. उघड्यावर तो महिनोन्‌महिने टिकतो, सावलीत आणि ओलीत तर वर्षभरही. आमच्या जिन्याखाली उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही.

म्हणून घरात एक नियम केला. वरून खाली जाईल, खालून वर काही येणार नाही. भात मी शिजवायचा, पण तो देण्याची भांडी खालीच राहतील. पिल्लांची सेवा तळमजल्यावरचा तो मुलगा करील, कारण त्याच्या घरात कुत्रं नाही. मी करायची नाही. हे ठरवलं तेव्हा सोपं वाटलं. पण रात्री अडीच-तीनला जिन्याखालून कण्हणं ऐकू यायचं आणि मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी असायची. पायऱ्या उतरून त्या जिवाला नुसता हात लावला असता तर त्याला काही फायदा नव्हता आणि भुऱ्याचं मात्र नुकसान होतं, हे मला कळत होतं. तरी ते कळणं पायांपर्यंत पोचायला फार वेळ लागायचा. मुलगा मोबाइलच्या उजेडात पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली सलाईन द्यायचा, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, आणि वर बघून म्हणायचा, ‘‘काकू, तुम्ही आत जा. मी आहे.’’

या आजारावर विषाणूला मारणारं औषध सर्रास मिळत नाही. विषाणू आतड्याच्या अस्तराच्या सतत नव्या होणाऱ्या पेशी मारतो, आणि अस्थिमज्जेवर हल्ला करून पांढऱ्या पेशी घटवतो. पोटातले जंतू मग रक्तात शिरतात, आणि अंगातलं पाणी ओकारी-हगवणीतून निघून जातं. उपचार म्हणजे पाणी भरत राहणं, ओकारी थांबवणं, जंतूंसाठी प्रतिजैविकं आणि ऊब. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात, आणि वेळेवर चांगले उपचार मिळालेली बहुतेक वाचतात. मधलं अंतर पैशांचं आणि माणसांचं असतं. आमच्या इथे १७८३ ची दादीशेठ आतशबेहराम आहे आणि तिच्या आसपास थोडी पारशी कुटुंबं अजून राहतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मुलाला बोलावून सांगितलं, ‘‘डिकरा, दवाचा पैसा मी देते.’’ पारशांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. १८३२ च्या जूनमध्ये सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायला घेतली तेव्हा याच समाजाने मुंबईत दंगल केली होती. त्या बाईंनी यातलं काही बोलून दाखवलं नाही, फक्त पाकीट दिलं.

सगळ्यात अशक्त पिल्लाला परळला नेलं, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात. जुनी माणसं अजून त्याला बैलघोड्याचं इस्पितळ म्हणतात. १८८० च्या दशकातलं ते रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही परळची जोडी नसती तर या शहरातल्या किती मुक्या जिवांचं काय झालं असतं, या विचाराने मला भरून येतं.

वरच्या मजल्यांवर माझं युद्ध फिनेलशी चाललं होतं. चाळीचा फिनेलवर अढळ विश्वास आहे. वास आला म्हणजे स्वच्छता झाली. पण पार्व्होच्या विषाणूला फिनेलने, डेटॉलने, हाताला लावायच्या सॅनिटायझरने फारसं काही होत नाही, कारण या रसायनांनी सहज विरघळणारं स्निग्ध आवरणच त्याच्यावर नसतं. त्याच्यावर खात्रीचा उपाय म्हणजे क्लोरीनचं, कपड्यांना वापरतात ते ब्लीच. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी साबणाने घाण पूर्ण धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच तिथेच खर्ची पडतं. मग फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यायची. संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर किंवा फिनेलबरोबर ते चुकूनही मिसळायचं नाही. अ‍ॅसिडबरोबर तर विषारी वायू होतो. हे मी कागदावर लिहून जिन्याच्या भिंतीला लावलं. शहाबादी फरशी स्वच्छ होते, पण लाकडी पायऱ्यांच्या भेगांत ब्लीच पोचत नाही, म्हणून जिन्यावर भुऱ्याला पाय टेकवूच द्यायचा नाही असं ठरलं. गोणपाटं, चिंध्यांची पायपुसणी जाळून टाकली. आम्ही घरातल्या सगळ्यांनी बाहेरच्या चपला पहिल्या मजल्याच्या वळणावर काढायच्या आणि तिथून वर दुसऱ्या घालायच्या.

मुलांना होईल का, हा प्रश्न दारोदारी विचारला जात होता आणि तो विचारणं योग्यच होतं. कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही. माणसाला होणारा पार्व्हो वेगळा विषाणू आहे.

हळदीकुंकवाचे दिवस होते. रथसप्तमीपर्यंत चाळीत रोज कुणाकडे तरी बायका जमतात आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. मी माझं हळदीकुंकू त्या वर्षी केलं नाही आणि कुठे गेलेही नाही. कारण सांगितलं. सगळ्यांना पटलं असं नाही. कुत्र्यापायी सवाष्णींना नको म्हणते, असंही कानावर आलं. पण दोघी-तिघी दाराच्या कडीला वाण अडकवून गेल्या, तिळगुळाची पुडी सुतळीने बांधून.

खरी पंचाईत राणीची झाली. आयुष्यात तिने घरात कधी घाण केली नव्हती. भुऱ्या मोरीत अंथरलेल्या पेपरवर दोन दिवसांत शिकला, पण राणी मोरीच्या उंबऱ्याशी उभी राहून माझ्याकडे बघायची आणि परत फिरायची. दिवसभर रोखून धरायची. तिला आजार होणार नव्हता, पण तिच्या पंजांवरून तो भुऱ्यापर्यंत आला असता. शेवटी चाळ कमिटीकडून गच्चीची किल्ली मागून घेतली. तिथे बायका पापड वाळवतात, तेव्हा परवानगी सहज मिळाली नाही. एक कोपरा ठरला आणि रोज धुऊन द्यायचं कबूल केलं. राणी पहिल्यांदा वर गेली तेव्हा कडक ऊन होतं. ती किती तरी वेळ पाय फाकवून उभी राहिली. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी वाचत बसायची. माझ्या लहानपणी वाडीत हा आजार नव्हताच, हे तेव्हा कळलं. १९७८ च्या सुमाराला मांजरांच्या एका विषाणूच्या जवळच्या नात्यातून तो कुत्र्यांत उपजला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. कुठल्याच कुत्र्याच्या अंगी प्रतिकार नव्हता, म्हणून मोठी कुत्रीही पटापट मेली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स अ‍ॅपल यांनी त्यावर लस तयार केली. माझ्या राणीचं निर्धास्तपण त्या दोघांच्या कामावर उभं आहे.

एका संध्याकाळी भुऱ्याने ताटली तशीच ठेवली आणि ओकला. ह्यांच्या हाताला कंप सुटला. डॉक्टर पुन्हा रस्त्यावर आले. पट्टीवर दुसरी रेघ अगदी फिकट. डॉक्टर म्हणाले, नुकत्याच दिलेल्या लशीमुळेही अशी फिकट रेघ येऊ शकते, रक्त बघू. पांढऱ्या पेशींचा आकडा व्यवस्थित होता. दुसऱ्या दिवशी ओकारीत चिक्कीचा चुरगळलेला कागद निघाला. तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला.

खालच्या चारांतली दोन गेली. परळला नेलेलं वाचलं आणि आणखी एक. बरं झालेलं पिल्लूही सुमारे दोन आठवडे विषाणू टाकत राहतं, म्हणून ती दोघं मुलाच्या खोलीतच राहिली. आता एक पिल्लू त्याचंच झालंय.

पालिकेच्या मोहिमेचा भर नसबंदीवर आणि रेबीजच्या लशीवर असतो. पार्व्होची लस रस्त्यावरच्या कुत्र्यांना आपोआप मिळत नाही. म्हणून आम्ही चाळीत वर्गणी काढली. काहींनी नाक मुरडलं, काहींनी पन्नास रुपये दिले, पारशी बाईंनी पुन्हा पाकीट दिलं. वाडीतल्या सापडतील त्या कुत्र्यांना लस टोचून घेतली, आणि लालीची नसबंदी भाद्रपदाच्या आधी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना लेकीसाठी पिल्लू हवं होतं. मी आधी त्यांच्याकडे लशीचं कार्ड मागितलं. त्यावर दोनच शिक्के होते. सोळा आठवडे पुरे होऊन शेवटचा शिक्का पडेपर्यंत पिल्लू दादरला त्यांच्या बहिणीकडेच राहिलं, आणि मुलगी दर रविवारी त्याला भेटायला तिकडे जात राहिली.