चौदा इंजेक्शनांचे कसौली

चंडीगडहून कालका, परवाणू करत धरमपूरला आले, की शिमल्याचा रस्ता सोडून डावीकडे वळायचे. चीडच्या झाडांमधली वळणे संपली, की सुमारे सहा हजार फुटांवरचे कसौली येते. 1842 साली इंग्रजांनी वसवलेली ही लष्करी छावणी. माल रोड, जुने चर्च, मंकी पॉइंटवरचे मारुतीचे देऊळ एवढे पाहून पर्यटक अर्ध्या दिवसात परततात. मी मात्र धाकट्या भावाला घेऊन गेले होते ती एका फाटकासाठी.

फाटक सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटचे. हिरव्या डोंगरउतारावरच्या तिच्या इमारती. आत सहजासहजी कुणाला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जिथे लसी तयार होतात तिथे आपल्यासारख्या हवशा-गवशांचे काय काम?

1974 साली आमच्या कोकणातल्या गावी एक पिसाळलेला कुत्रा शिरला. त्याने माझ्या सात वर्षांच्या भावाला चावा घेतला आणि शेजारच्या वाडीतल्या एका मुलालाही. अण्णा भावाला रोज एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात नेत. चौदा दिवस, पोटात चौदा इंजेक्शने. तो परत आला की आई पोट शेकत बसे. त्या दुसऱ्या मुलाच्या जखमेवर मिरचीची पूड भरली, मंत्र घातला, दोरा बांधला. दीड महिन्याने तो पाण्याचे भांडे पाहून किंचाळू लागला. त्यानंतरचे लिहवत नाही.

ती चौदा इंजेक्शने मुळात या डोंगरावरची. भारतातली पहिली पाश्चर संस्था कसौलीत 1900 साली निघाली. त्याआधी कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकांना थेट पॅरिसला पाठवत. बाकीच्यांना देवाचाच आधार. तेव्हा रेल्वे कालकापर्यंतच होती, पुढे डोंगर चढायचा. 1905 मध्ये सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली नवी लस काढली. रेबीजचे विषाणू टोचलेल्या मेंढीचा मेंदू घोटून, त्यातले विषाणू कार्बोलिक आम्लाने मारून ती बनवत. ती स्वस्त होती आणि दूरच्या गावी पाठवता येई. रोग्याने कसौली गाठण्याऐवजी कसौलीच रोग्याकडे जाऊ लागली!

पण तिच्यात दोषही होता. मेंदूच्या पेशींमुळे क्वचित एखाद्याला टोचून घेतल्यावर अर्धांग होई. म्हणून 2005 च्या सुमारास आपल्याकडे ती पूर्ण बंद झाली. आताची लस पेशी वाढवून तयार करतात, दंडावर चार-पाच वेळा टोचली की झाले. चावा घेतल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, मग तडक दवाखाना. चावा खोल असेल तर जखमेत सीरमही देतात. मुले ओरखडा लपवतात. तेव्हा आयांनो, कुत्र्याबद्दल विचारताना आधी रागवू नका, नाहीतर मूल गप्प बसते.

संस्थेने पुढे बरीच कामे केली. आफ्रिकेला जाणाऱ्यांना लागणारी पीतज्वराची लसही इथे तयार झाली. भावाला त्याचे फारसे नव्हते. फाटकासमोर तो नकळत पोटावर हात ठेवून उभा होता.

"ताई, तेरावे सगळ्यात जास्त दुखले होते," तो म्हणाला, "चौदाव्याला कळले होते की आता संपले."

पहारेकऱ्याने आम्हांला जरा संशयाने पाहिले. पलीकडच्या टपरीवर आल्याचा चहा घेतला. टपरीखाली एक तांबूस कुत्रा मुटकुळे करून झोपला होता. चहावाल्याने सांगितले, तो कुणाला काही करत नाही. भावाने बिस्किटाचा तुकडा लांबूनच टाकला आणि पाय वर घेऊन बसला.