संस्थेचे दप्तर

मराठवाडा साहित्य परिषदेचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला; पुढे ती औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात स्थिरावली. संस्थानात 'गश्ती निशाण 53' या हुकुमामुळे सभा भरवायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. अशा दिवसांत मराठीसाठी माणसे कुठे जमली, कोण बोलले, खर्च कुणी सोसला, हे सांगणारी साधी हजेरीपट्टीसुद्धा माझ्या लेखी मुक्तिलढ्याचाच कागद आहे. आपण मात्र पुस्तके जपतो आणि सभेच्या इतिवृत्ताची वही चिटणिसांच्या घरी पडून राहू देतो. चिटणीस गेले की ती रद्दीत जाते.

संस्थेने केलेल्या ठरावांपेक्षा तिला मिळालेले नकार मला अधिक मोलाचे वाटतात. 1885च्या ग्रंथकार सभेला येणार नाही, असे जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना कळवले. ते पत्र 'ज्ञानोदया'त छापले गेले, म्हणून आज आपल्या हाती आहे. ते नसते, तर त्या सभेबाहेर कोण राहिले आणि का, हे आपल्याला कुणी सांगितले असते?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे वेळीच ओळखले. 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि मेहेंदळे यांनी मंडळ स्थापले आणि सुरुवातीच्या वर्षांतच वार्षिक इतिवृत्ते छापायला घेतली. पुढे राजवाडे मंडळापासून दुरावले; ती छापील इतिवृत्ते राहिली.

साहित्य महामंडळाचे तर कार्यालयच फिरते. 1961 साली स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार दर तीन वर्षांनी मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर यांपैकी एकीकडून दुसरीकडे जातो. व्यवस्था न्याय्य आहे. पण प्रत्येक बदलीत फायलींची यादी, दोन्हीकडच्या सह्यांसह, झालीच पाहिजे.

जपणुकीला फार पैसा लागत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पाठीमागे नोंद करायची ती पेन्सिलीने. मूळ कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नये आणि छायाप्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

आपले आजोबा, वडील, मावशी कधी परिषदेच्या, वाचनालयाच्या किंवा इतिहास मंडळाच्या कामात असतील, तर माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला दाखवण्याआधी एकदा स्वतः उघडा, आणि आतले कागद त्या संस्थेकडे पोच घेऊन सोपवा.