मोरजीचा वारा

आम्हां यवतमाळकरांना वारा ठाऊक आहे तो खळ्यावरचा. उपणणीचे सूप उंचावून शेतकरी झुळकेची वाट पाहतो. ती मध्येच पडली, तर भूस धान्यावरच येते. गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी, मोरजीच्या किनाऱ्यावर, नातवाचा सराव पाहताना तीच प्रतीक्षा दिसली.

त्याच्या हाती पॅराविंग होते. सांगाडा नसलेले, दोऱ्यांवर तोललेले हे कापडी पंख. फळीच्या तळाशी पाण्यात बुडलेले फॉइल वेग येताच फळीला वर उचलते; पुढे लाटेचा जोर मिळाला की पंख गुंडाळून हातात घ्यावे. ऐकायला सोपे! वारा पडला की कापड मिटते, दोऱ्या गुंततात, फळी खाली बसते.

सकाळचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यांच्याबरोबर दूर गेलेल्याला परतणे कठीण. म्हणून शिकाऊ दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांसाठी थांबतात. तेही एकसारखे नसतातच. नातू दोनदा फळी ओढीत पोहत परतला. तिसऱ्या खेपेस पाण्यावर सरकत येणारी काळसर सुरकुती त्याने आधीच हेरली, पंख सावरले आणि झोत येताच फळी पाण्यावेगळी झाली. त्याची आजी मात्र तो काठाला लागेपर्यंत वाळूत उभीच होती.